स्ट्रॅटच्या तारा एकदम वर आल्यात, ॲक्शन (तारांची उंची) खाली घेताना स्क्रू अडकले, मदत हवी

गोदाकाठची_गिटार (नाशिक)

नमस्कार सगळ्यांना, जरा लांब लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

माझ्याकडे स्क्वायर कंपनीची स्ट्रॅट (इलेक्ट्रिक गिटार) आहे, तीन वर्षं झाली, ट्रेमोलोवाली (म्हणजे ब्रिज हलवून सूर वर-खाली करता येतो ती), पुढे सहा स्क्रू असलेला ब्रिज (तारा जिथे अडकतात तो भाग). सुरुवातीपासून ९-४२ च्या तारा होत्या (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). गेल्या महिन्यात तारा गंजल्या म्हणून इथल्या एका दुकानात बदलायला दिली, त्यांच्याकडे ९ चा सेट नव्हता तर १०-४६ चा टाकून दिला, म्हणाले काही फरक पडत नाही उलट आवाज भरीव येईल. आवाज भरीव आलाय हे खरं, पण घरी येऊन वाजवायला घेतली तर गिटार माझी वाटेचना. बाराव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे तारा एवढ्या वर आहेत की बी तार बेंड करायला (आडवी ओढून सूर चढवायला) गेलं की शेजारची जी तार नखाखाली घुसते आणि सोडताना ती पण वाजते. आधी असं कधीच व्हायचं नाही.

मग व्हिडिओ बघून मीच दीड एमेमच्या ॲलन कीने सॅडलचे (ब्रिजवर एकेक तार ज्याच्यावर टेकते त्या तुकड्यांचे) स्क्रू फिरवले. बारीक तीन तारांचे सॅडल दीड-दीड फेरा खाली घेतले. जाड दोन तारांचे स्क्रू हलतच नाहीत, जोर लावला तर की सटकायला लागली म्हणून सोडून दिलं. आता जे खाली गेलेत त्यांचे स्क्रू सॅडलच्या वर टोकासारखे आलेत, पाम म्यूट करताना (हात टेकवून आवाज दाबताना) तळहाताच्या कडेला टोचतात, काल तासभर वाजवलं तर लाल ठिपक्यांची रांग उठली होती.

पट्टीने मोजलं तर बाराव्या फ्रेटवर जाड ई २.५ मिमी आणि बारीक ई २ मिमी आहे. आधी किती होती ते मोजलंच नव्हतं. अजून एक, ट्यूनिंग पण टिकत नाहीये, जाड तार लावली की बाकीच्या उतरतात, तीन-चार चकरा माराव्या लागतात. आणि ब्रिज मागून उचलल्यासारखा दिसतोय, त्याच्याखाली पेन्सिल आडवी घातली तर जवळजवळ आत जाते, पूर्वी इतकी फट होती का ते आठवत नाही.

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवायचंय, वीस दिवस राहिलेत. अजून किती खाली घेऊ आणि त्या अडकलेल्या स्क्रूंचं काय करू?

रिफमास्तर_ठाणे

सोप्पं आहे, जाड तारा टाकल्या की नेक (गिटारचा दांडा) पुढे ओढली जाते. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) अर्धा फेरा टाईट करा, तारा आपोआप खाली येतील. सॅडलला हात लावायची गरजच नाही.

पाषाण_टोन (पुणे)

थांबा, ट्रस रॉडला अजून हात लावू नका. रिफमास्तर राग मानू नका, पण ट्रस रॉड हा ॲक्शनचा स्क्रू नाहीये, त्याने नेकचा बाक ठरतो. बाक बदलला की तारांची उंची पण थोडी बदलते म्हणून हा गैरसमज सगळीकडे पसरलाय. आणि एका दमात अर्धा फेरा तर कुणालाच सांगू नका, पाव फेरा, मग वाट बघायची, मग मोजायचं, एवढंच.

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, पेन्सिलवाल्या ओळीत. स्ट्रॅटचा ट्रेमोलो म्हणजे तराजू समजा. पुढून सहा तारा ब्रिजला ओढतात आणि गिटारच्या पोटात मागच्या बाजूला ज्या स्प्रिंगा आहेत त्या उलट दिशेला ओढतात, दोन्ही ओढ सारखी असेल तिथे ब्रिज थांबतो. ९-४२ च्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ३८ किलो असतो आणि १०-४६ चा साडेसेहेचाळीसच्या आसपास. म्हणजे दुकानवाल्याने एका पारड्यात आठ किलो वाढवले आणि दुसऱ्या पारड्याकडे बघितलंच नाही. ब्रिज पुढे झुकला, मागून उचलला गेला, त्याच्यावर बसलेले सॅडल वर गेले, तारा वर गेल्या. ट्यूनिंग पळतंय ते पण याच्यामुळेच. फरक पडत नाही म्हणून सांगणं चुकीचं होतं, तारांचा गेज बदलला की ट्रेमोलोवाल्या गिटारचा सेटअप परत करावाच लागतो.

आता काय करायचं ते सांगतो. मागचं प्लास्टिकचं झाकण काढा, सहा स्क्रू असतील. आत स्प्रिंगा दिसतील आणि त्या ज्या पत्र्याला अडकवल्यात तो पत्रा नेकच्या बाजूला दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेला दिसेल, त्याला क्लॉ म्हणतात. सगळ्या तारा थोड्या सैल करा, मग स्टार स्क्रूड्रायव्हरने ते दोन्ही स्क्रू उजवीकडे एकेक फेरा फिरवा, दोन्ही सारखेच. परत पूर्ण ट्यून करा आणि मगच ब्रिजखालची फट मोजा. सैल तारांवर मोजून काही उपयोग नाही. परत सैल, परत एक फेरा, परत ट्यून. कंटाळवाणं काम आहे, एक संध्याकाळ जाणार, पण याला दुसरा रस्ता नाही. सहा स्क्रूवाल्या ब्रिजला मागच्या कडेला ३ मिमीच्या आसपास फट ठेवायची, फेंडरच्या सेटअप गाईडमध्ये १/८ इंच दिलंय ते तेच. क्लॉ लाकडाला टेकायला आला आणि तरी फट कमी होत नसेल तर एक स्प्रिंग वाढवा.

हे झाल्याशिवाय सॅडलला हात नको, ट्रस रॉडलाही नको. ब्रिज जागेवर आला की मग नेकचा बाक, मग सॅडल, सगळ्यात शेवटी इंटोनेशन (दाबलेला सूर बरोबर लागतोय का ते), याच क्रमाने. मधलं काही आधी केलं तर ते परत करावं लागतं.

उंची किती ठेवायची म्हणाल तर साडेनऊ इंच रेडियसच्या (गोलाईच्या त्रिज्येच्या) बोर्डला, म्हणजे नेकच्या फ्रेट असलेल्या बाजूला, फेंडर बाराव्या फ्रेटवर दोन्ही बाजूंना १.६ मिमी सांगतं, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. पट्टीने एवढं बारीक दिसत नसेल तर जुनी एटीएम कार्डं वापरा. एक कार्ड ०.७६ मिमी असतं, दोन एकावर एक ठेवली की १.५ झालं. नंबर उठावाचे असतील ती कार्डं नको, सपाट हवीत. दोन कार्डं बाराव्या फ्रेटवर ठेवून तारेखालून सरकवायची, तार वर उचलली न जाता जेमतेम घासून गेली तर तुम्ही बरोबर जागी आहात.

भाट्याची_खाडी (रत्नागिरी)

अडकलेल्या स्क्रूंबद्दल मी सांगतो कारण समुद्राजवळ राहून हा त्रास दरवर्षी होतो. जास्त जोर लावला नाहीत ते फार चांगलं केलंत, एकदा आतला षटकोन गोल झाला की मग नुसती डोकेदुखी. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब घ्यायचा, बाटलीतून थेट नाही, टूथपिकच्या टोकावर घ्यायचा आणि स्क्रू सॅडलमध्ये जिथे शिरतो तिथे टेकवायचा, तो आपोआप आट्यांमध्ये ओढला जातो. खाली फडकं ठेवा, पिकअपवर (तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीवर) किंवा लाकडावर तेल जाऊ द्यायचं नाही. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी आधी सुईने स्क्रूच्या भोकातली घाण काढा, घाम आणि धूळ मिळून एक काळा थर बसतो आणि की तळापर्यंत जातच नाही, अर्ध्यावर बसलेली की फिरवली म्हणून सटकते. मग की पूर्ण आत दाबून पहिल्यांदा किंचित उलट दिशेला, म्हणजे घट्ट करायच्या बाजूला हलवा, टक् असा बारीक आवाज येतो, गंज सुटला की मग हवं तिकडे फिरवा. आणि त्या तारेचा ताण आधी काढा, ताणलेल्या तारेखाली सॅडल फिरवायला जाऊ नका.

की पण तपासा. स्क्वायरला बहुतेक १.५ मिमीची लागते, अमेरिकन फेंडरला ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिमी. ती छोटी की आपल्या स्क्रूत घुसते आणि फिरल्यासारखी पण वाटते, तिनेच आतला षटकोन गोल होतो. टोकाला गोळी असलेली की पण अडकलेल्या स्क्रूला वापरायची नाही.

टोचण्याचं म्हणाल तर ते स्क्रू बदलता येतात. हार्डवेअरच्या दुकानात एम थ्रीचे (३ मिमी जाडीचे) ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) मागा, जुना एक काढून नमुना म्हणून न्या, ८ मिमी, १० मिमी मिळतात, कडेच्या तारांना लहान आणि मधल्या तारांना मोठे. स्टेनलेसचे घेतले तर गंजण्याचा प्रश्नच मिटला. पण पाषाणदादा म्हणतायत ते आधी करा, ब्रिज खाली बसला की तुम्ही खाली घेतलेले सॅडल कदाचित परत वर घ्यावे लागतील आणि टोचणं आपोआप जाईल.

पावसाळ्याचं एक. माझ्या गिटारचा बाक जुलैत वाढतो आणि जानेवारीत कमी होतो, मित्राची त्याच घरातली गिटार बरोबर उलटी वागते, त्यामुळे कुणी सांगितलं पावसात असंच होतं तर ऐकू नका, स्वतःची मोजा आणि वहीत लिहून ठेवा.

गोदाकाठची_गिटार

सगळ्यांचे खूप आभार, काल आणि परवा दोन्ही संध्याकाळी बसले होते. झाकण काढलं तर आत स्प्रिंगा तीनच आणि क्लॉ लाकडापासून बराच लांब. फट मोजली तेव्हा ६ मिमी होती!! एकेक फेरा करत साडेचार फेऱ्यांना ती ३ वर आली. शेवटच्या वेळी ट्यून केली तेव्हा दुसऱ्याच चकरेत सगळ्या तारा जागेवर थांबल्या, मला इतकं बरं वाटलं. अडकलेले स्क्रू पण सुटले, खरंच टक् आवाज आला.

आता सॅडलला काही न करता बाराव्या फ्रेटवर जाड ई २ मिमी आणि बारीक ई १.५. म्हणजे नुसत्या ब्रिजने अर्धा मिमी खाली आली. पण आता बारीक ई चौदाव्या फ्रेटवर बेंड केली की आवाज मध्येच मरतो. मामाचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, त्याच्याकडून टॅपेट सेट करायचा फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा) आणलाय, बाक मोजायचा कसा आणि किती हवा ते सांगाल का?

पाषाण_टोन (पुणे)

फार छान केलंत, आणि फीलर गेज आणलात हे तर उत्तमच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई शेवटच्या फ्रेटवर उजव्या हाताने दाबून धरा, आता ती तार सरळ पट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यात जी फट दिसते तोच बाक. पात्या एकेक करून घाला, जी तारेला न हलवता जाते ती धरा. ०.२५ मिमी हवा साडेनऊ रेडियसला. गिटार वाजवताना धरतो तशी मांडीवर उभी धरूनच मोजा, टेबलावर आडवी ठेवली की नेकच्या वजनाने आकडा बदलतो.

जास्त असेल तर ट्रस रॉड उजवीकडे, घड्याळाच्या काट्यासारखा, पाव फेरा. आधी तारा थोड्या सैल करा, फिरवा, परत ट्यून करा, रात्रभर ठेवा, सकाळी मोजा. गिटारबरोबर आलेलीच की वापरा. फिरताना एकदम कडक लागलं तर तिथेच थांबायचं आणि माहितगार माणसाकडे न्यायची, ट्रस रॉड तुटला तर नेक गेली.

मग सॅडल. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो म्हणून सॅडल १ मिमी हलवलं तर बाराव्यावर अर्धाच मिमी फरक दिसतो. एम थ्री स्क्रूच्या एका फेऱ्याला सॅडल अर्धा मिमी हलतं, म्हणजे बाराव्यावर पाव मिमी. हा हिशोब डोक्यात ठेवला की अंदाजाने फिरवत बसायला लागत नाही. सॅडलचे दोन्ही बाजूचे स्क्रू सारखे फिरवा, ते तिरकं बसायला नको.

तंबोरा_ते_टेली (मिरज)

वयाने लहान असशील असं धरून एकेरीत लिहितो. माझं अर्धं आयुष्य तंबोऱ्याच्या जवारीत गेलं आणि पन्नाशीत मुलाची गिटार हातात घेतली. आमच्याकडे तार घोडीवर घासून जो झंकार येतो तोच काढायला कारागीर तासन्‌तास घोडी घासतो, तारेखाली दोरा सरकवत बसतो. गिटारमध्ये तीच खरखर नको असते, पण ऐकायची पद्धत तीच, आवाज कुठून येतो ते आधी कानाने शोधायचं आणि मगच हत्यार उचलायचं.

ॲम्प बंद करून प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजव, घाई न करता. पहिल्या पाच फ्रेटमध्ये खरखर असेल तर नेक जास्त सरळ झालीय, बाक वाढवायला हवा. बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली आहे. एकाच फ्रेटवर असेल आणि आजूबाजूला सगळं स्वच्छ, तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे, तो दोष सॅडलने जात नाही, फ्रेट घासून घ्यावा लागतो. आणि ॲम्प लावल्यावर जी खरखर ऐकूच येत नाही तिच्यामागे लागू नकोस.

तुझी बेंड मरते त्याचं कारण बहुतेक तू बारीक तीन तारा सरसकट सारख्या खाली घेतल्यास ते. बोर्ड सपाट नाही, गोलाई आहे, तार बेंड केली की ती बोर्डाच्या चढावर जाते आणि पुढच्या फ्रेटला टेकते. सहा तारांची मिळून कमान बोर्डाच्या कमानीसारखी हवी. जाड पुठ्ठ्यावर २४१ मिमी त्रिज्येचा कंस काढ, साडेनऊ इंच म्हणजे तेवढेच, खिळा आणि दोरा घेऊन काढता येतो, कापून ब्रिजजवळ तारांच्या खालून टेकव. जी तार पुठ्ठ्यापासून लांब दिसेल तिचं सॅडल खाली, जी पुठ्ठ्यामुळे उचलली जाईल तिचं वर.

आणि १.५ च्या खाली जायचा हट्ट धरू नकोस. तारेला थरथरायला जागा लागते, जाड तारेला जास्त. खाली घेत गेलो की हात हलका होतो पण आवाजातला जीव कमी होतो, हे माझं प्रामाणिक मत आहे, बाकीच्यांचं वेगळं असेल.

एक_स्क्रू_कमी (कोल्हापूर)

मधेच विचारतो माफ करा, माझी लेस पॉल टाइप आहे, तिच्या सॅडलला उंचीचे स्क्रूच दिसत नाहीत, फक्त मागे-पुढे करायचे आहेत. मी काय फिरवू?

पाषाण_टोन (पुणे)

तुमचा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आहे, त्यात एकेक तार वेगळी वर-खाली होत नाही. ब्रिजच्या दोन टोकांना दोन खांब आहेत, त्यांच्यावर गोल चकती असेल ती बोटाने फिरते किंवा वर स्क्रूची खाच असेल. एका बाजूने जाड तारा, दुसऱ्या बाजूने बारीक. तारा सैल करूनच फिरवा नाहीतर चकती रुतून बसते. बाराव्यावर जाड २ मिमी आणि बारीक १.२ च्या आसपास घेऊन बघा. बाकी क्रम तोच, आधी बाक. तुमच्याकडे ट्रेमोलो नाही म्हणून स्प्रिंगांचा भाग सोडून द्या.

रिफमास्तर_ठाणे

पाषाणभाऊ, मी माझ्या गिटारवर दोन वर्षं ट्रस रॉडनेच ॲक्शन खाली घेत होतो. आज तुम्ही सांगितलं तसं कॅपो लावून बघितलं तर आठव्या फ्रेटवर फटच नाही, तार फ्रेटला चिकटलेली. पहिल्या तीन फ्रेटवर खरखर का येते ते आता कळलं. डावीकडे पाव फेरा सोडलाय, उद्या मोजतो. ताई, माझं ऐकलं नाहीत ते बरं झालं.

गोदाकाठची_गिटार

शेवटचं अपडेट देते. बाक ०.४० निघाला होता, पाव फेऱ्याने ०.२५ वर आला, सकाळी परत मोजला तेवढाच. त्याने तारा अजून खाली गेल्या, जाड ई १.७५ आणि बारीक १.२५, तेव्हा तर बेंड अजूनच मरायला लागली, जरा घाबरले होते. मग पुठ्ठ्याचा कंस केला, काका तुम्ही म्हणालात तसंच होतं, जी आणि बी दोन्ही कमानीच्या खाली लोंबत होत्या. बारीक ई एक फेरा वर, बी एक फेरा, जी सव्वा फेरा. आता बारीक ई १.५ आणि जाड १.७५, दोन एटीएम कार्डं बारीक ई खालून घासून जातात. चौदाव्यावर पूर्ण सुराची बेंड स्वच्छ येते आणि धरून ठेवली तरी टिकते. स्क्रू पण सॅडलच्या आत गेलेत, टोचत नाहीत.

इंटोनेशन पण केलं, बाराव्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट लावून येणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवला, जाड दोन तारांचा दाबलेला सूर चढा येत होता म्हणून त्यांची सॅडल मागे घेतली. फक्त एक राहिलंय, जाड ई वरच्या फ्रेटवर वाजवली की सूर लाटेसारखा हलतो, तार जुनी नाहीये.

आणि मागचं झाकण परत लावू की उघडं ठेवू?

पाषाण_टोन (पुणे)

ती लाट पिकअपची आहे. तार खाली आली पण पिकअप होता तिथेच राहिला, त्याचं चुंबक जाड तारेला ओढतंय. जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि पिकअपच्या चुंबकापासून तारेपर्यंत मोजा, दोन-अडीच मिमी हवं, कमी असेल तर नेककडच्या पिकअपचा जाड बाजूचा स्क्रू फिरवून तो खाली घ्या, मग मधला.

झाकण उघडं ठेवलं तरी चालतं, बरेच जण तसंच ठेवतात, तारा बदलायला सोपं जातं आणि स्प्रिंगा बघता येतात. कार्यक्रमात शर्टाचं बटण किंवा ओढणी आत अडकू नये म्हणून तेवढ्या दिवसापुरतं दोन स्क्रूंवर लावा. उरलेले चार एका डबीत नाव लिहून ठेवा.